स्पोकच्या चाकाचं पंक्चर: आधी भोकाचं कारण शोधा, मग पॅच लावा

पंक्चर काढून आणलेली गाडी दोन दिवसांत पुन्हा बसली की आपण पॅचला नावं ठेवतो. बहुतेक वेळा पॅच चांगलाच असतो. ज्या काट्यानं पहिलं भोक पाडलं तो टायरमध्ये तसाच रुतून राहिलेला असतो, किंवा रिमच्या आतली पट्टी सरकलेली असते, किंवा कमी हवेवर खड्डे हाणायची सवय सुटलेली नसते. ट्यूबवरचं भोक कुठं आहे, त्याचा आकार कसा आहे, ते एकटं आहे की जोडीनं, यावरून पंक्चर का झालं ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. हे वाचायला शिकलं की काम निम्मं झालं. उरलेलं निम्मं हाताच्या सवयीचं आहे, आणि ती सवय घराच्या अंगणात लावून घेता येते.

मी इथं स्प्लेंडरचं मागचं चाक समोर ठेवून लिहितो. १९९४ साली आलेली ही गाडी शेतापासून ऑफिसपर्यंत सगळीकडं दिसते. स्पोकवाल्या जुन्या स्प्लेंडरला पुढं-मागं २.७५-१८ मापाचा टायर आणि आत ट्यूब असते. ट्यूब असलेलं स्पोकचं चाक बुलेटचं असो की एक्सपल्सचं, तत्त्व तेच. चाक काढायची पद्धत तेवढी गाडीगणिक बदलते.

स्पोकच्या चाकात ट्यूब का लागते हे आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रत्येक स्पोकचं टोक रिमला भोक पाडून आत येतं आणि तिथं निपलनं, म्हणजे आटे असलेल्या बारीक नटानं, घट्ट केलेलं असतं. म्हणजे रिमला तीसेक भोकं आधीच असतात, तिथून हवा जाणारच. म्हणून आत ट्यूब, आणि निपलची डोकी ट्यूबला टोचू नयेत म्हणून मधे रबराची पट्टी. अलॉयच्या ट्यूबलेस चाकाला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते, कधीकधी घरी पोचेपर्यंत कळतही नाही. ट्यूबला मोठं भोक पडलं की ती मिनिटभरात रिकामी होते, कारण बाहेर पडलेली हवा स्पोकच्या भोकांतून सहज निघून जाते. हल्ली ट्यूबलेस स्पोकची चाकंही मिळतात, रॉयल एनफिल्डनं हिमालयन ४५० ला ती दिली आहेत. त्यांची दुरुस्ती वेगळी, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

चालत्या गाडीत हवा गेली तर

मागचं चाक बसलं की गाडीचा मागचा भाग डावी-उजवीकडं पोहायला लागतो. पुढचं बसलं की हँडल जड होतं आणि वळायला नकार देतं. दोन्ही वेळी पहिली गोष्ट एकच: हँडल सरळ धरायचं, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि गाडीला आपोआप मंदावू द्यायचं. ब्रेक लावावाच लागला तर ज्या चाकात हवा आहे त्याचा, आणि तोही हलक्या हातानं. बसलेल्या चाकाचा ब्रेक दाबला तर टायर रिमवर सरकतो आणि गाडी हातातून जाते. घाटात असाल तर वळणावर थांबू नका. पुढं किंवा मागं जिथून येणाऱ्याला लांबून दिसाल अशी जागा गाठा.

आणि तशीच चालवत दुकानापर्यंत नेऊ नका. बसलेल्या टायरवर थोडं अंतर गेलं तरी ट्यूब रिम आणि टायरच्या मधे चुरगळते, व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते, आणि पॅचनं भागलं असतं तिथं नवी ट्यूब घ्यावी लागते. जास्त गेलं तर टायरच्या बाजूच्या भिंतीतले धागे तुटतात आणि रिमची कड वाकते. ढकलत न्या, ओझं उतरवा, मागं बसलेल्याला चालायला सांगा.

खरंच पंक्चर आहे का?

चाकाला पाना लावण्याआधी व्हॉल्व्ह तपासा. टोपण काढा, हवा भरा, व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा आणि नजर न हलवता बघत राहा. थेंब नुसता थरथरला तरी पिन गळतेय असं समजायचं. थेंबाचा बुडबुडा फुगून फुटला, पुन्हा फुगला, तर प्रश्नच नाही. व्हॉल्व्हची पिन म्हणजे आतली स्प्रिंग असलेली बारीक सुई. ती पिनच्या चावीनं घट्ट होते, आणि काही धातूच्या टोपणांना वरच्या टोकाला तेवढ्यासाठीच खाच केलेली असते. घट्ट करूनही गळली तर पिन बदला, किरकोळ किमतीत मिळते. धूळ अडकून पिन गळण्याचे प्रकार उन्हाळ्यात खूप होतात, म्हणून टोपण लावून ठेवणं हा शोभेचा भाग नाही.

व्हॉल्व्हची दांडी सरळ उभी आहे का तेही बघा. ती तिरकी झाली असेल तर टायर रिमवरून सरकला आहे आणि त्यानं ट्यूबला सोबत ओढलं आहे. हवा कमी ठेवून चालवलं की हेच होतं. इथं मुळाशी फाटलेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे नव्या ट्यूबची तयारी ठेवा.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर चाक हळूहळू फिरवत टायरची पूर्ण पाठ बघा. खिळा दिसला तर लगेच उपटू नका. त्या जागी टायरच्या बाजूवर खडूनं खूण करा आणि व्हॉल्व्हपासून ती जागा किती लांब आहे ते लक्षात ठेवा. काहीच दिसलं नाही तरी व्हॉल्व्हसमोर टायरवर एक रेघ मारून ठेवा. ही रेघ पुढं फार उपयोगी पडते.

जवळ काय असावं

टायर लिव्हर दोन, जमलं तर तीन. पंक्चरवाले त्याला टॉमी म्हणतात. टोकं गुळगुळीत हवीत, धार असेल तर कानशीनं घासून काढा. व्हॉल्व्हच्या पिनची चावी. पॅच, सोल्यूशनची (पॅच लावायच्या चिकट द्रवाची) न फोडलेली ट्यूब आणि पॉलिश पेपर. एकदा उघडलेलं सोल्यूशन काही महिन्यांत आतल्या आत सुकतं, आणि हे आडरानातच कळतं, म्हणून न फोडलेली एक कायम जवळ ठेवा. पक्कड, टाल्कम पावडर, साबणाचं पाणी, हवेचं मीटर. एक्सलला (चाकाच्या मधून आरपार जाणाऱ्या दांड्याला) आणि ब्रेकच्या दांडीला लागणारे पाने घरीच लावून बघा, गाडीसोबत आलेल्या पान्यांवर विसंबू नका.

पंपाबाबत एक अडचण आधीच सांगतो. साध्या भारतीय सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, त्यामुळं सायकलचा प्रत्येक पंप मोटारसायकलला बसेलच असं नाही. मोटारसायकलचा व्हॉल्व्ह कारसारखाच असतो. कारचा पायपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर चांगला.

चाक काढायचं की नाही

खिळा दिसतोय आणि ट्यूबला पॅचच लावायचा आहे, तर चाक पूर्ण काढायची गरज नाही. गाडी डबल स्टँडवर घ्या, चेनच्या विरुद्ध बाजूनं टायरची एकच कड रिमबाहेर काढा आणि भोकाच्या जागेवरची ट्यूब बाहेर ओढा. व्हॉल्व्ह आपल्या जागी राहू द्या. रस्त्याकडेचे पंक्चरवाले बऱ्याचदा असंच करतात आणि ते योग्यच आहे, वेळ वाचतो. पण ट्यूब बदलायची असेल, भोक रिमच्या बाजूला असेल किंवा भोकाचं कारण सापडत नसेल, तर चाक बाहेर काढल्याशिवाय काम होत नाही. शिकण्यासाठी तर एकदा पूर्ण काढाच.

स्प्लेंडरचं मागचं चाक काढणं सोपं आहे, कारण चेनचा मोठा चक्का गाडीवरच राहतो आणि चाक त्याच्यापासून वेगळं होतं. डबल स्टँड कडक सपाट जमिनीवर लावा. माती असेल तर स्टँडखाली फळी टाका. ब्रेकच्या दांडीचं नट काढून दांडी मोकळी करा. तिथली स्प्रिंग आणि लहान पिन पडते, ती खिशात नाही, एखाद्या डब्याच्या झाकणात ठेवा. ब्रेक प्लेटला (ड्रम ब्रेकच्या झाकणाला) धरून ठेवणारी लोखंडी पट्टी सोडवा, तिच्या नटाला पिन असते. मग एक्सलचं नट काढून एक्सल ओढून घ्या. एक्सलवरचा बुश (नळीसारखा लहान तुकडा) कुठल्या बाजूनं आणि कुठल्या तोंडानं होता त्याचा मोबाईलवर फोटो काढा. चेनच्या बाजूला चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी फाट्याला) लागून असलेलं मोठं नट चक्का धरून ठेवतं, त्याला हात लावायचा नाही. आता ब्रेक प्लेट सुटी होईल. चाक चक्क्यापासून बाजूला ओढा आणि गाडी जराशी कलवून बाहेर घ्या. गाडी कलवायला दुसरं माणूस असू द्या. हबमधले (चाकाच्या मधल्या गोल भागातले) रबर पडले तर जागच्या जागी परत लावा. ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

मागं डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांत चाक बाहेर असताना ब्रेकचा पेडल चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि परत डिस्क आत जात नाही. पॅडमधे जाड पुठ्ठा घालून ठेवा.

टायर उतरवणं

ताकद लावून टायर निघत नाही, जागा करून दिली की निघतो. रिमच्या मधोमध एक खोबण असते. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणली जात नाही. म्हणून एका बाजूची कड खोबणीत उतरवली, तरच समोरच्या बाजूला रिमवरून काढण्याइतकी ढील मिळते. टायर निघत नाही म्हणून लिव्हरला पाईप लावून जोर काढणारे रिम वाकवतात. तसा जोर लागतोय म्हणजे समोरची कड खोबणीबाहेर आहे, हे समजायचं.

आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. व्हॉल्व्हचं नट काढा. टायर आडवा ठेवून टाचेनं कडेवर दाब देत गोल फिरा, म्हणजे कड रिमपासून सुटते. पलटून दुसरी बाजूही सोडवा. जुन्या टायरची कड गंजलेल्या रिमला चिकटलेली असते, तिथं साबणाचं पाणी सोडून थांबा. ऑइल, ग्रीस किंवा डिझेल वापरू नका, रबर फुगतं आणि नंतर टायर रिमवर सरकतो.

मग व्हॉल्व्हजवळून सुरुवात करा. समोरच्या बाजूला गुडघे ठेवून कड खोबणीत दाबून धरा. पहिली लिव्हर फक्त कडेखाली जाईल इतकीच घाला. खोल घातली तर ट्यूब चिमटेल. ती दाबून स्पोकजवळ अडकवा, चार बोटांवर दुसरी. पुढं एकेक लहान घास घेत जा, मोठा घास घ्यायला गेलं की हात घसरतो. हातभर कड बाहेर आली की उरलेली हातानं निघते. आत हात घालून व्हॉल्व्ह रिममधून आत ढकला आणि ट्यूब बाहेर घ्या. घेताना ट्यूबची कुठली बाजू वर होती हे ट्यूबवर पेननं लिहा. टायर पूर्ण उतरवायची गरज नाही, दुसरी कड रिमवरच राहू द्या.

भोक शोधणं आणि वाचणं

ट्यूबमध्ये हवा भरून तिला नेहमीपेक्षा थोडी मोठी करा. बादली असेल तर थोडी थोडी बुडवत फिरवा. रस्त्यात पाणी नसेल तर ट्यूब ओठांजवळ आणि गालाजवळून फिरवा. बोटांना कळत नाही ती बारीक झुळूक ओल्या ओठांना लगेच कळते. भोक सापडलं की त्यावर लहान वर्तुळ काढू नका, कारण घासताना ते पुसलं जातं. भोक मधोमध येईल अशा दोन लांब रेघांची फुली मारा, पॅचच्या कडेबाहेर जाईल एवढी. आणि एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी मारा. एकाच काट्यानं आरपार जाऊन दोन भोकं पाडलेली असतात, असं अनेकदा दिसतं.

आता ट्यूब टायरवर ठेवा, व्हॉल्व्ह खुणेच्या रेघेसमोर. भोकाची जागा टायरवर कुठं येते ते बघा. ट्यूब उलटी पडली असेल अशी शंका असेल तर व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूची तेवढ्याच अंतरावरची जागाही बघायची. मग भोक काय सांगतंय ते ऐका.

भोक बाहेरच्या बाजूला, म्हणजे टायरच्या पाठीकडं असेल तर रस्त्यावरचं काहीतरी घुसलं आहे. आपल्याकडं हे काय असतं, ते भाग आणि हंगामावर ठरतं. मराठवाड्यात आणि विदर्भात बाभळीचा काटा. तूर आणि कापूस काढल्यावर शेतरस्त्यावरची धसकटं, जी तिरकी कापलेली असतील तर टायरही फाडतात. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या हंगामात बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्यांचे निसटलेले खिळे. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधल्या पोलादी तारांचे तुकडे. ही तार केसाहून थोडी जाड असते, बाहेरून दिसत नाही आणि हवा इतकी हळू जाते की माणूस आठवडाभर नुसता हवाच भरत राहतो.

भोकं जोडीनं, समोरासमोर, दोन लहान उभ्या चिरांसारखी असतील तर काही घुसलेलं नाही. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर किंवा स्पीडब्रेकरवर आदळलं, आणि रिम व टायरच्या मधे ट्यूब चिमटली गेली. इथं टायरमध्ये काटा शोधत बसण्यात अर्थ नाही. रिमची कड त्या जागी वाकली आहे का बघा आणि हवा नियमित मोजायला लागा. एकच चीर असेल, आणि नुकतंच कुणी टायर उघडला असेल, तर ती लिव्हरची असते.

भोक आतल्या बाजूला, रिमकडं असेल तर दोष चाकातच आहे: रबरी पट्टी सरकली किंवा कुजली आहे, एखाद्या स्पोकचं टोक निपलच्या वर आलं आहे, किंवा रिमला आतून गंज चढून पापुद्रे धारदार झाले आहेत. स्पोक घट्ट करून घेतल्यावर काही दिवसांत पंक्चर झालं तर सगळ्यात आधी इथंच बघा, कारण घट्ट करताना स्पोकचं टोक वर सरकतं.

भोक व्हॉल्व्हच्या मुळाशी असेल तर त्याला पॅच टिकत नाही. नवी ट्यूब घ्या. पॅचात मावत नाही अशी लांब चीर असेल तरी तेच. आणि ट्यूबवर कुठंच भोक नाही पण बारीक भेगांचं जाळं दिसतंय, तर ती म्हातारी झाली आहे.

टायर आणि रिमच्या आतला तपास

हा टप्पा घाईत सुटतो, आणि पुन्हा पंक्चर होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. टायरच्या आत उघडी बोटं जोरात फिरवू नका, तार लागली तर बोट कापेल. कापसाचा बोळा किंवा जुना सुती कपडा घेऊन हलकेच फिरवा, दोन्ही दिशांनी. धागा जिथं अडकेल तिथं काहीतरी आहे. बाभळीचा काटा बाहेरच्या बाजूनं घासून टायरच्या पाठीशी एकसपाट होतो, बाहेरून नुसता काळसर ठिपका दिसतो, पण आतून त्याचं टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर आलेलं असतं. पक्कडीला पकड मिळत नसेल तर टायर त्या जागी बाहेरून आत दाबून वाकवा, टोक आणखी वर येतं. काढल्यावर पुन्हा एकदा कपडा फिरवा, एका काट्यामागं दुसरा असतो.

टायरमध्ये भोक नाही, चीर आहे आणि आतले धागे तुटलेले दिसतात, तर आतून तुकडा लावून गाव गाठता येईल, पण तो टायर बदलायचाच. टायरची तारीखही बघून घ्या. बाजूवर चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२३ म्हणजे २०२३ सालचा २३वा आठवडा.

रिमवरची पट्टी काढून निपलवर बोट फिरवा. स्पोक वर आला असेल तर कानशीनं निपलच्या बरोबरीला आणा आणि कीस पुसून काढा. गंज पॉलिश पेपरनं घासा. कोकणात पावसाळ्यानंतर हे हमखास करावं लागतं, रिम बाहेरून चकचकीत असते आणि आतून पापुद्रे सुटलेले असतात. पट्टी कडक झाली असेल तर नवी टाका. आडरानात पट्टी तुटलेली सापडली तर जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद गोल तुकडा कापून तात्पुरता चढवता येतो. इथंच प्रत्येक स्पोकला पान्यानं हलकं वाजवून घ्या. सगळे साधारण एका सुरात वाजायला हवेत, जो बद्द वाजतो तो ढिला आहे. त्याची नोंद करा, पण एकदम बरेच स्पोक पिळायला जाऊ नका, चाक वाकडं होतं.

पॅच

पॅच चिकटतो तो निव्वळ गोंदानं नव्हे. सोल्यूशन आणि पॅचचा खालचा थर यांच्यात रासायनिक क्रिया होऊन ते ट्यूबच्या रबराशी एकजीव होतात. म्हणून पृष्ठभाग आणि वेळ, या दोन गोष्टींत काटकसर चालत नाही.

पॅचपेक्षा मोठी जागा पॉलिश पेपरनं घासा, रबराचा चकचकीतपणा जाऊन ते मळकट, राखाडी दिसेपर्यंत. ट्यूबवर साच्याची उभी रेघ असते, ती भोकाजवळून जात असेल तर पूर्ण सपाट करा, नाहीतर हवा त्या रेघेच्या कडेनं वाट काढते. कीस कोरड्या कपड्यानं पुसा. पुसल्यावर बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागतं. सोल्यूशनचा पातळ, सारखा थर पॅचच्या मापाबाहेरपर्यंत पसरा.

आणि आता थांबा. इथं लोकांचा धीर सुटतो. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच त्या वेळी चिकटल्यासारखा वाटतो आणि गरम रस्त्यावर सरकतो. चमक जाऊन थर मंद दिसायला लागला आणि कडेला बोटाची मागची बाजू लावल्यावर नुसतं चिकट लागलं, ओलं लागलं नाही, की वेळ झाली. साधारण पाच मिनिटं धरा, पावसाळी हवेत जास्त. पॅचखालचा कागद काढा, त्या बाजूला बोट न लावता भोक मधोमध धरून ठेवा आणि मधून कडेकडं दाबत जा. लिव्हरच्या गोल भागानं चांगलं रगडा. वरचा पातळ पारदर्शक कागद ओढून काढताना पॅचची कड उचलत असेल तर तो तसाच राहू द्या, काही बिघडत नाही. पॅचभोवतीच्या चिकट जागेवर टाल्कम पावडर मारा, नाहीतर ट्यूब टायरला चिकटेल.

दुकानातला गरम पॅच हाही चांगला प्रकार आहे. जुन्या इंजिनाचा पिस्टन पॅचवर शिकंज्यात आवळायचा आणि त्याच्या वाटीत थोडं इंधन पेटवायचं, ही पद्धत अनेकांनी पाहिली असेल. आता बऱ्याच ठिकाणी विजेची यंत्रं आली. उष्णतेनं रबर पक्कं होतं आणि चांगल्या हाताचा गरम पॅच ट्यूबइतकाच टिकतो. घरी मात्र आगीचा हा प्रकार करू नका. दुकानात दिलंत तरी जवळ उभं राहा आणि भोक कुठं होतं, आत काय सापडलं, हे विचारा. चांगला कारागीर काटा काढून हातात देतो.

परत बसवणं

ट्यूबमध्ये तिला गोल आकार येईल इतकीच हवा भरा. रिकामी ट्यूब दुमडते आणि लिव्हरखाली येते, जास्त भरलेली आत मावत नाही. पावडर चोळा. व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून बाहेर काढा आणि नटाचे दोनच आटे लावा. बाकी ट्यूब आत सारत जा आणि हात फिरवून पीळ नाही याची खात्री करा.

काढताना व्हॉल्व्हजवळून सुरुवात केली होती, बसवताना शेवट व्हॉल्व्हजवळ करायचा. व्हॉल्व्हपाशी ट्यूब जाड असते, तिथली कड खोबणीत खोल जात नाही. म्हणून व्हॉल्व्हच्या समोरून कड आत ढकलायला लागा, गुडघ्यांनी ती खोबणीत दाबून धरा आणि दोन्ही बाजूंनी हातानं पुढं या. कडेला साबणाचं पाणी लावा. शेवटचा वीतभर भाग तेवढा लिव्हरनं, लहान लहान घासात. लिव्हर गरजेपेक्षा जास्त उभी करू नका, नवी केलेली ट्यूब इथंच चिमटते. शेवटचा भाग फार घट्ट वाटला तर पुन्हा समोर बघा, कड खोबणीबाहेर आलेली असणार.

कड आत गेली की व्हॉल्व्ह आत ढकलून पुन्हा बाहेर ओढा, म्हणजे मुळाजवळची ट्यूब कडेखाली अडकलेली असेल तर मोकळी होईल. दोन्ही बाजूंनी कड आणि रिमच्या फटीतून कुठं ट्यूब डोकावत नाही ना, ते गोल फिरून बघा. मग हवा भरा. टायरच्या बाजूला रिमशी समांतर बारीक रेघ असते. ती सगळीकडं रिमपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. एका जागी आत बुडालेली असेल तर हवा सोडा, तिथं साबणाचं पाणी लावा, पुन्हा भरा. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. नीट बसल्यावर सगळी हवा एकदा सोडून पुन्हा भरा, त्यानं आतली सुरकुती निघते. व्हॉल्व्हचं नट रिमवर आवळू नका. ते टोपणाशी वर ठेवलं की टायर सरकायला लागल्यावर दांडी तिरकी झालेली दिसते आणि मुळाशी फाटायच्या आत कळतं.

दाब किती, ते गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत बघा. एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो. पुस्तिका कधी किलोत सांगते आणि मीटर पीएसआय दाखवतं: १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय, म्हणून २ किलो म्हणजे २८. मोजायचं ते टायर थंड असताना.

चाक लावताना उलट क्रमानं जा. हबचे रबर चक्क्यात नीट बसले, बुश आपल्या तोंडानं आला, ब्रेक प्लेटची पट्टी बोल्टनं आणि पिननं बांधली, हे एकेक करून बघा. ती पट्टी सुटी राहिली तर पहिल्याच ब्रेकला ब्रेक प्लेट फिरते आणि चाक अडकू शकतं, इतकी ती महत्त्वाची आहे. एक्सल आवळण्याआधी दोन्ही बाजूंच्या चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का बघा. ब्रेकची दांडी लावून नटानं पेडलचा ढिलेपणा पूर्वीसारखा करा. चाक हातानं फिरवा, ब्रेक दाबून ते थांबतं का आणि सोडल्यावर मोकळं फिरतं का पाहा. मागचा दिवा ब्रेकवर लागतो का तेही. मगच गाडी स्टँडवरून काढा, आणि पहिला ब्रेक अगदी हळू चालताना लावून बघा.

नंतरचे दोन-तीन दिवस

थोडं चालवून परत आल्यावर एक्सलचं नट पुन्हा एकदा तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, हवा मोजा. एखाद-दोन पीएसआयचा फरक मीटर लावताना निसटलेल्या हवेचा असतो. पाच-सहा कमी झाली असेल तर दुसरं भोक किंवा पिन, परत थेंबापासून सुरुवात करा. ट्यूबमध्ये भरायचं सीलंट बारीक काट्यांवर काम करतं, पण चिमटलेल्या चिरा आणि रिमकडची भोकं ते बंद करत नाही, आणि ते भरल्यावर पॅच लावायला जागा कोरडी मिळत नाही. काटेरी भागात रोजचा प्रवास असेल तर भरा, नाहीतर मी नियमित हवा मोजण्यालाच पसंती देईन.

लांबच्या प्रवासाला सुटी ट्यूब सोबत ठेवा, टायरच्याच मापाची. रस्त्याकडेला ट्यूब बदलणं पॅचपेक्षा लवकर होतं, पॅच मुक्कामी पोचल्यावर शांतपणे लावता येतो. ही ट्यूब हवा पूर्ण काढून, पावडर लावून, सैलसर घडी करून जाड पिशवीत ठेवा आणि पान्यांपासून लांब. पान्यांबरोबर कोंबलेली ट्यूब गाडीच्या हादऱ्यांनी घासत राहते, आणि बाहेर काढली तेव्हा तिलाच भोक असतं.